गोष्टीला हॉलमार्क कशाला?

धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरून झाली, झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडून झाली (बर्फी निघाली), आणि बायका पाय मोकळे करून गप्पांना बसल्या. तेवढ्यात माझ्या सहा वर्षांच्या भाचीनं मावशीच्या पायाकडे बोट दाखवून विचारलं, "मावशीआजी, पायाच्या बोटात अंगठी का घालतात?" मावशी क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "अगं, पूर्वी पायाची बोटं रात्री घर सोडून भटकायला जायची. अंगठ्याशेजारचं सगळ्यांत उनाड. बाकीच्यांना फूस लावायचं, बाजारात जाऊन भेळ खायचं आणि पहाटे गुपचूप परत यायचं. बाईचे पाय दुखायचे, पण का दुखतात ते कळायचं नाही. शेवटी एका सोनारणीनं त्या बोटाला चांदीची जोडवी चढवली. आता ते पळालं की फरशीवर टकटक वाजतं." भाचीनं पुढचा प्रश्न टाकला, "मग बाबांच्या बोटांना का नाही?" मावशी म्हणाली, "त्यांची बोटं आळशी. पलंगावरून उतरतच नाहीत."

सगळे हसले. दोघे सोडून. आमच्या एका काकांचं म्हणणं पडलं की लहान मुलीला असल्या भाकडकथा सांगण्यापेक्षा 'खरं कारण' सांगावं: त्या बोटातून एक नस थेट गर्भाशयाला जाते, जोडव्यामुळे ती दाबली जाते, पूर्वजांनी सगळं विचार करूनच ठरवलं होतं. माझा मामेभाऊ उसळून म्हणाला की नस हीसुद्धा भाकडकथाच आहे आणि मावशीची तर आहेच. मुलांना एक तर पुरावा द्यावा, नाहीतर 'माहीत नाही' म्हणावं. हा वाद घरच्या ग्रुपवर आठ दिवस चालला. व्हिडिओ आले, लेख आले, दोन जण ग्रुप सोडून गेले. मावशी त्या ग्रुपवर नाही, त्यामुळे तिला यातलं काहीच कळलं नाही.

तिची बाजू मी घेतो. त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांत प्रामाणिक कोण होतं, तर मावशी. आपल्या रोजच्या दागिन्यांना थापा जोडाव्यात, खुशाल जोडाव्यात, मुलांना जोडायला शिकवाव्यात. या वादातली गफलत अशी की काका आणि मामेभाऊ वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसले तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे: दागिन्याबद्दल जे काही बोलायचं ते एक तर माहिती, नाहीतर खोटं. तिसरा प्रकारच नाही. पण त्याच कार्यक्रमात अर्ध्या तासापूर्वी दोघांनीही वाटी उघडताना टाळ्या वाजवल्या होत्या. बर्फी म्हणजे मुलगी, पेढा म्हणजे मुलगा. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी बर्फीपेढ्याच्या वाट्यांवर अजून कुणी धाड घातलेली नाही, कारण ते निदान नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. खेळ कुठला आणि दावा कुठला हे ओळखणं आपल्याला चांगलं जमतं. मग जोडव्यापाशी आलो की एकदम आंधळे का होतो?

काकांचा समाचार आधी घेतो, कारण तो सोपा आहे. पायाच्या बोटांना येणाऱ्या नसा पोटरीतून, मांडीतून वर जाऊन कण्याच्या खालच्या भागाला मिळतात. बोटापासून निघून गर्भाशयाला बांधलेली अशी खास तार नाही. आणि असती, तर काही प्रश्न पडले असते. नवरा वारल्यावर जोडवी काढायला लावतात. त्या दिवशी बाईची नस वाळते का? कुमारिकेला गर्भाशय नसतं का? हा दावा आपल्याकडचा खास आहे असंही समजायचं कारण नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस जेलियस नावाच्या रोमन लेखकानं नोंदवून ठेवलंय की अंगठी डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात का घालतात, तर इजिप्तमध्ये मृतदेह उघडून पाहताना त्या बोटापासून हृदयापर्यंत जाणारी एक बारीक नस सापडली म्हणून. तिकडे हृदय, इकडे गर्भाशय. तिकडे हाताचं बोट, इकडे पायाचं. नस तीच. रूढीला कारण विचारलं की माणूस देहाच्या आत, जिथं कुणी डोकावणार नाही अशा ठिकाणी जाऊन ते शोधतो. काकांची गोष्टही रचलेलीच आहे, फक्त ती पांढरा कोट घालून आली आहे. शिवाय तिच्यात भेळ नाही.

मामेभावाचं म्हणणं मात्र इतक्या सहज उडवून लावता येत नाही. तो म्हणतो, आज मावशी हसत सांगते. भाची तिच्या मुलीला सांगेल तेव्हा हसू गळून पडेल आणि गोष्ट तेवढी उरेल. थाप तिसऱ्या पिढीत इतिहास होते. हे अगदी खरं आहे, आणि त्याचे पुरावे आपल्याच दागिन्यांच्या डब्यात पडलेले आहेत. नथीचं बघा. नथ म्हणजे नाथाची, नवऱ्याची खूण, म्हणून नथ, असं लग्नसमारंभात सूत्रसंचालक छातीठोकपणे सांगतात. कुणीतरी कधीतरी केलेली ती छान कोटी असणार. पण हिंदीत बैलाच्या नाकातल्या दोरीला 'नाथ' म्हणतात आणि वेसण घालण्याला 'नाथना'. भाषेचे जाणकार नथ याच कुळात बसवतात. नवरा त्यात कुठंच नाही, नाक मात्र आहे. त्याहून मोठी गंमत म्हणजे नथ 'वेदकालापासून' चालत आलेली नाहीच. अजिंठ्याच्या चित्रांत केस, गळा, दंड, कंबर सगळं दागिन्यांनी भरलेलं आहे, नाक मोकळं. अनंत सदाशिव अळतेकर आणि भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे या दोघांनीही १९३० च्या दशकात या प्रश्नात लक्ष घातलं; प्राचीन संस्कृत साहित्यात आणि शिल्पांत नाकातला दागिना सापडत नाही, तो मध्ययुगात बाहेरून आला असावा, असा सूर त्या संशोधनातून निघाला. हे आजही सगळ्यांच्या गळी उतरत नाही. कोटीचं सत्य झालं की संशोधकाला शिव्या खाव्या लागतात, ही मामेभावाची तक्रार मी मान्य करतो.

पण मान्य करून पुढे विचारतो: घट्ट झाली ती गोष्ट की तिचा सूर? पुतळ्यांच्या माळेचं उदाहरण घेऊ. पुतळी हे मुळात नाणं. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानं १२८४ मध्ये डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडायचं ठरवलं; साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन, सोनं जवळजवळ शुद्ध. १७९७ मध्ये नेपोलियननं ते राज्य संपवेपर्यंत पाचशे वर्षं त्याच्यावरचं चित्र फारसं बदललं नाही: संत मार्क उभे आहेत आणि व्हेनिसचा प्रमुख त्यांच्यासमोर गुडघे टेकून ध्वजाचा दांडा धरून आहे. मिरी-मसाल्याच्या व्यापारात ही नाणी आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपल्या बायकांना त्यावर दोन बाहुल्या दिसल्या, म्हणून पुतळी. तमिळ मुलखात त्याच नाण्याला 'शाणार काशु' म्हणत. शाणार म्हणजे ताडाच्या झाडावर चढून ताडी काढणारे. लोकांना मधला ध्वजाचा दांडा ताडासारखा दिसला आणि बाजूचा माणूस शाणारासारखा. व्हेनिसचा सत्ताधीश ताडी काढायला लागला! कुणाचं काय बिघडलं? नाणं खोटं ठरलं नाही, सोनं कमी झालं नाही, आणि एका परक्या वस्तूला आपल्या अंगणात बसायला जागा मिळाली. इथं कुणीही उठून 'ताडाचं झाड नाही म्हणाल तर खबरदार' असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हणूनच नाण्यांचे अभ्यासक आले आणि त्यांनी संत मार्कांचं नाव सांगितलं, तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. नथीच्या बाबतीत दुखावतात. दोन्हीकडे गोष्ट रचलेलीच, मग फरक कुठं?

माझ्या मते फरक एका साध्या प्रश्नानं कळतो: हिच्या शेजारी दुसरी गोष्ट चालते का? मावशीला कुणी म्हटलं असतं, "छे, जोडवी घातली ती बोटाला उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून," तर ती म्हणाली असती, "हेही असेल बाई," आणि त्यात आणखी भर घातली असती. काकांना म्हणून बघा. ज्या गोष्टीला सवत चालते ती खेळ असते. जिला चालत नाही ती दावा असते, मग ती कितीही गोड असो. मामेभावाची चूक अशी की तो दाव्यांवर चिडून खेळ बंद करायला निघालाय. पोराच्या हातून काच फुटली म्हणून कुणी गल्लीतलं क्रिकेट कायमचं बंद करतं का?

आणि खेळाला आपली खूण आपल्याजवळ ठेवायची जुनी सवय आहे. आपल्या कहाण्या 'आटपाट नगर होतं' म्हणून सुरू होतात. आटपाट नगर कुठल्या तालुक्यात येतं, हे श्रावणातल्या सोमवारी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. शेवटी 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणून दार लावून घेतलं जातं. आत गोष्ट, बाहेर जग. रोमन लोकांतही हे भान होतं. अंगठीच्या जन्माची त्यांच्याकडे एक झकास कथा होती: देवांची आग चोरणाऱ्या प्रमिथियसला कॉकेशसच्या कड्याला जखडलं होतं, सुटल्यावर त्या कड्याचा एक तुकडा लोखंडात बसवून त्यानं बोटात घातला, तीच पहिली अंगठी आणि तोच पहिला खडा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेलेला थोरला प्लिनी आपल्या ज्ञानकोशात ही कथा देतो, आणि दुसरीकडे स्वच्छ म्हणतो की प्रमिथियसचं सगळं मला दंतकथाच वाटतं. त्यानं ती वगळली नाही आणि तिच्यावर शिक्कामोर्तबही केलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जे जमलं ते आपल्याला मोबाईल हातात असताना जमू नये?

आता खरा आक्षेप. तो काकांनी घेतला नाही, मामेभावानंही नाही. तो माझ्या थोरल्या बहिणीनं स्वयंपाकघरात, भांडी आवरताना घेतला. ती म्हणाली, "तुला मजा वाटते रे. पण बायकांच्या दागिन्यांच्या गोष्टी कशासाठी असतात, माहितीये? बेडीला मुलामा द्यायला. बोट पळू नये म्हणून जोडवी, म्हणजे बाई पळू नये म्हणूनच ना?" मी गप्प बसलो. कारण मावशीच्या गोष्टीत हे खरंच आहे. भटकणारं बोट, त्याला आवाज करणारी चांदी, आणि गेलं की घराला कळतं. थट्टा म्हणून सांगितलं तरी पहारा तो पहाराच. मंगळसूत्राच्या दोन वाट्या म्हणजे माहेर आणि सासर, हिरव्या बांगड्या म्हणजे सौभाग्य, आणि मग एक दिवस तेच सगळं दगडावर फुटतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका जोडव्यासाठी ग्रामसभा बोलवावी लागते, यावरून त्या चांदीचं वजन किती ते कळतं.

बहिणीला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. नंतर सुचलं ते असं. हेरवाडला कशाशी झगडावं लागलं? 'बोटं भेळ खायला जातात' या गोष्टीशी नव्हे. 'असंच असतं, वाडवडिलांनी विचार करून ठरवलंय, विचारायचं नाही' या वाक्याशी. हसत सांगितलेल्या गोष्टीखातर कुणी कुठल्या बाईची जोडवी ओढून काढल्याचं मला तरी माहीत नाही. गंभीर चेहऱ्याच्या कारणांखातर पिढ्यान् पिढ्या काढली गेली. आणि त्या दुपारी खोलीत झालं काय, ते पुन्हा आठवा. सहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "मग बाबांच्या बोटांना का नाही?" हा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता. गोष्टीत फट होती, त्या फटीतून तो आत आला. आणि मावशीचं उत्तर? 'त्यांची बोटं आळशी.' चाळीस वर्षांचा संसार त्या तीन शब्दांत होता, आणि मावशीचे यजमान तिथंच बसून पेढा खात होते. नसेच्या गोष्टीत असा प्रश्न विचारायला जागाच नाही. तिथं उत्तर आधीच ठरलंय: त्यांना गर्भाशय नसतं, विषय संपला. बायकांनी आपापसात रचलेल्या गोष्टी नेहमीच बेडीला मुलामा देत नाहीत, कधी कधी त्या कडीत काडी घालून ती किती सैल होते तेही बघतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना गायलेल्या त्या ओव्यांत सासर, नवरा, सोनंनाणं यांबद्दल बाया जे बोलून जातात ते दिवसा चारचौघांत कुणी बोलू दिलं नसतं. बहिणीचा आक्षेप यानं पुरता मिटत नाही, हे मला कळतं. पण वाईट गोष्टीवर उपाय म्हणून गोष्टीच बंद केल्या, तर जोडव्याबद्दल बोलायला काका तेवढे उरतील.

नाहीतर विठोबाच्या कानांकडे बघा. त्याच्या कानांत मासे आहेत असं वारकरी सांगतात, आणि ते का आहेत त्याची एक गोष्ट घरोघरी ऐकू येते. एक कोळी देवाला भेटायला निघाला, नेण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं म्हणून मासे घेऊन गेला. लोकांनी नाकं मुरडली, अडवलं. विठोबानं ते मासे घेतले आणि कानांत घातले. आता मूर्तिशास्त्राचा अभ्यासक सांगेल की ही मकरकुंडलं. मकर हा पुराणातला जलचर, अशी कुंडलं देशभरातल्या विष्णुमूर्तींच्या कानांत दिसतात, आणि तुकोबांच्या अभंगातही ती विठोबाच्या कानी आहेत. बरोबर आहे. पण कोळ्याची गोष्ट रचणाऱ्याला मूर्तिशास्त्र सांगायचंच नव्हतं. ज्याला दारात अडवलं त्याची भेट देवानं सगळ्यांना दिसेल अशा जागी मिरवली, हे त्याला सांगायचं होतं, आणि त्यासाठी त्यानं एक दागिना पकडला. ही गोष्ट पुराव्याअभावी रद्द करावी असं माझा मामेभाऊसुद्धा म्हणणार नाही, कारण मी त्याला आषाढीला वारीत चालताना पाहिलंय. आणि काकांनी तिला शास्त्र जोडलं, माशांमुळे कानाच्या पाळीतले बिंदू दाबले जातात वगैरे, तर ती त्याच क्षणी मरेल.

एका ठिकाणी मात्र मी मामेभावाच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार आहे, ते म्हणजे दुकान. गोष्टीवर पैसे मोजले जातात तिथं खेळाचे नियम बदलतात. हिऱ्याची अंगठी म्हणजे अमर प्रेम, हे डी बीयर्स कंपनीसाठी एका जाहिरात संस्थेनं १९४७ मध्ये लिहिलेल्या एका ओळीनं जगाच्या गळ्यात उतरवलं. आज ती युगानुयुगांची रीत वाटते. तसंच, मागच्या महिन्यात ओतलेल्या नथीला 'पेशवेकालीन' अशी चिठ्ठी लावून दोन हजार जास्त घेतले, तर ती थाप नाही, फसवणूक आहे. तिथं पावती मागावी. सोन्याला आपण हॉलमार्क मागतो, ९१६ बघतो, २०२१ पासून सहा अक्षरी ओळख क्रमांकही बघतो, ते योग्यच आहे. पण त्याच दुकानात बसून आजी नातीला म्हणाली की बोरमाळ शबरीनं ओवली, एक एक बोर चाखून, तर त्याला कुठला क्रमांक द्यायचा? त्यावर कुणी एक रुपया जास्त घेतलेला नाही.

परवा भाचीनं मावशीला फोन लावला. तिला शाळेत सगळ्यांपुढं गोष्ट सांगायची होती, आणि ते उनाड बोट भेळ खाऊन झाल्यावर पुढं कुठं गेलं होतं, ते विचारायचं होतं. मी शेजारीच होतो, फोन स्पीकरवर. पलीकडून मावशी म्हणाली, "कुठली भेळ गं? मी असं सांगितलं होतं?" भाचीचा चेहरा पडला. क्षणभर शांतता. मग पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि मावशीनं सुरुवात केली, "हां, ते होय. ऐक. एका गावात एक मासोळी होती, आणि तिला पायच नव्हते..."